पलंगावरचा रुमाल

माझ्या हातचा अर्ज परत येत नाही, असं राळेगावात म्हणतात. शाळेच्या कार्यालयात पंचवीस वर्षं कारकुनी केल्यावर माणसाला दुसरं काही नाही तरी अर्ज लिहिता येतो. कोणाचा सातबारा अडला, कोणाच्या मुलीचा दाखला चुकला, की लोक माझ्याकडे कोरा कागद घेऊन येतात आणि मी लिहून देतो. ही गोष्ट अशाच एका अर्जाची आहे. तो मी स्वतःसाठी लिहिला होता. त्यात दोन गोष्टी खोट्या होत्या. एक खोटी आहे हे लिहिताना मला ठाऊक होतं. दुसरी लिहिताना वाटत होतं की आपण अगदी ऐकलं तसंच लिहीत आहोत.

पोळा होऊन दहा-बारा दिवस झाले होते. बायकोला उन्हाळ्यापासून चक्कर येत होती. स्वयंपाक करता करता ओट्याला धरून उभी राहायची. शेवटी गावातल्या डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय करायला सांगितला. यवतमाळात सकाळी आठची वेळ मिळाली. पहिल्या एसटीचा भरवसा नव्हता, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच गेलो आणि बसस्थानकामागच्या गल्लीतल्या एका लॉजवर उतरलो. नातेवाईक होते यवतमाळात, पण कोणाकडे उतरलो असतो तर डोक्याचं काय झालं ते सगळ्यांना सांगत बसावं लागलं असतं. तिला ते नको होतं.

फोनवर विचारलं तेव्हा लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, सगळं आहे असं सांगितलं होतं. लिफ्ट होती. तिच्या दारात पाण्याचे रिकामे जार रचून ठेवले होते. खोली दुसऱ्या मजल्यावर, दोनशे चार. मी बायकोला दंडाला धरून, प्रत्येक वळणावर थांबत वर नेलं. खोलीतल्या चादरीवर चहाचा मोठा डाग होता. मी खाली जाऊन चादर बदलून मागितली.

काउंटरवर चाळिशीचा एक माणूस बसलेला असायचा. सकाळी तोच, संध्याकाळी तोच. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. खर्रा तोंडात असला की आमच्याकडचा माणूस मान वर करून, ओठ मिटून बोलतो आणि समोरच्याला अर्धं समजून घ्यावं लागतं.

"चादर धुवाले गेली आहे जी. आली की पाठवतो."

"दुसरी नाही का एखादी?"

"हेच दुसरी होय."

रात्रीचं जेवण झाल्यावर पुन्हा विचारलं, सकाळी उठल्यावर पुन्हा. चादर आली नाही. सकाळी नळ सोडला तर पाणी बर्फासारखं. पुन्हा दोन जिने उतरलो.

"पाणी सोडलं आहे साहेब. वर याले टाईम लागते."

"किती टाईम?"

"आता थे पाण्याच्या मनावर आहे."

त्याला हसू आलं, मलाही जरासं आलं. आपल्याकडे अशा गोष्टींवर कोणी भांडत नाही. बायकोनं थंड पाण्यानंच हातपाय धुतले.

मशीनमध्ये जाताना अंगावर धातूचं काही चालत नाही, असं तपासणी केंद्रातून सांगितलं होतं. तिनं खोलीतच सगळं काढायला घेतलं. नाकातला खडा निघाला. जोडवी मात्र निघेनात. सव्वीस वर्षांत ती कधी बोटातून निघाली नव्हती. न्हाणीत बसून तिनं लॉजची साबणाची वडी बोटांना चोळली आणि ओढून ओढून काढली. बोटं लाल झाली. पायांकडे बघत म्हणाली, "हे पाय कोणा दुसरीचे वाटून राह्यले." शेवटी गळ्यातली पोत काढली, काळ्या मण्यांची, मधे सोन्याचं डोरलं असलेली. माझा निळ्या काठाचा रुमाल पसरला, त्यात सगळं ठेवून गाठ मारली आणि माझ्या हातात दिला.

"तुमच्याजवळ असू द्या. खिशात ठेवा."

खाली ऑटोवाला भोंगा वाजवत होता. त्याच वेळी डॉक्टरांची फाइल सापडेना. मी रुमाल पलंगावर ठेवला आणि बॅगेत, गादीखाली, कपाटात फाइल शोधली. ती टीव्हीच्या मागे निघाली. मी फाइल घेतली, बायकोचा हात धरला, कुलूप लावलं आणि आम्ही जिना उतरलो.

केंद्रावर तिचं नाव पुकारलं तेव्हा तिनं मागे वळून विचारलं, "रुमाल घेतला ना?"

मी खिसा चाचपला. खिशात फक्त किल्ली होती. पलंगावर पडलेला रुमाल मला डोळ्यांसमोर लख्ख दिसला.

"बॅगेत ठेवला," मी म्हणालो. "बॅगेला कुलूप आहे."

ती घाबरलेली होती. आधीच त्या मशीनच्या आवाजाबद्दल कोणीतरी तिला काय काय सांगितलं होतं. त्या क्षणी खरं बोलून तिला आत पाठवणं मला जमलं नाही. हे मी आजही स्वतःला सांगतो आणि ते खरं आहे. पण ती तासाभरानं बाहेर आली, आम्ही चहा घेतला, रिपोर्टसाठी दोन तास बाकावर शेजारी शेजारी बसलो. तिचा हात सारखा मोकळ्या गळ्याकडे जात होता. त्या दोन तासांतही मी काही बोललो नाही. त्याला कोणतं कारण देऊ?

रिपोर्ट चांगला निघाला. डोक्यात काही नव्हतं, मानेच्या मणक्याचा त्रास होता, गोळ्या लिहून दिल्या. परत येताना ऑटोत ती बऱ्याच महिन्यांनी मोकळं बोलत होती. मी हो हो करत होतो.

एक वाजता खोली उघडली. पलंगावर पांढरीशुभ्र चादर ताणून घातली होती, आदल्या दिवसापासून तीनदा मागूनही न मिळालेली. रुमाल नव्हता.

"बॅग उघडा," बायको म्हणाली. "आधी गळ्यात घालू द्या."

मी बॅग उघडली. कुलूप काढून, चेन ओढून, तिची साडी, माझा टॉवेल, औषधांचा डबा, एकेक वस्तू बाहेर काढून पाहिली. बॅगेत काही नाही हे मला माहीत होतं. तरी मी कप्पे चाचपत राहिलो. शेवटी तीच खाली बसली. ओरडली नाही. म्हणाली, "गेली."

मी तिला घेऊन खाली आलो. काउंटरवरच्या माणसानं माझं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे बोट केलं. तिथं पाटी होती: मौल्यवान वस्तूंची जबाबदारी मालकावर नाही.

"अरे, पण कुलूपबंद खोलीतून गेलं ना."

"वाचा ना साहेब. सारं लिवलं आहे."

"कॅमेरा आहे ना वर? दाखव."

"थो नुस्ता लावून ठेवला आहे. लोकं भेतात म्हून."

मी आवाज चढवला. जिन्यावर दोन-तीन माणसं थांबली. मग त्यानं खर्रा बाहेर जाऊन थुंकला, आत येऊन तोंड पुसलं आणि एकदम स्पष्ट आवाजात म्हणाला, "रूम कोनं केली थे पाहू." त्यानं मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली.

सफाईची बाई आली. माझ्याच वयाची असेल. हात कोपरापर्यंत ओले, पदर कमरेला खोचलेला. झरी जामणीकडच्या एका कोलाम पोडावरची, हे मला नंतर कळलं. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. घरात त्यांची भाषा कोलामी, आमची वऱ्हाडी ती जरा थांबून थांबून बोलायची.

मी विचारलं, "बाई, दोनशे चारमध्ये आमच्या बॅगेतला रुमाल कोणी घेतला?"

"रुमाल?" ती म्हणाली. "निया काठाचा? हो जी. म्या उचलला."

मला आता सगळ्यात जास्त त्रास या एका शब्दाचा होतो. आमच्या घरात जेवण झालं की ताटं उचलतात. सकाळी अंथरूण उचलतात. पाहुणे यायचे असले की पसारा उचलतात. बायको मला दिवसातून दहादा म्हणते, तेवढं उचला. आणि बाजारात पाकीट गेलं तरी आम्ही म्हणतो, कोणीतरी उचललं. दोन्ही अर्थ मला पाळण्यापासून माहीत आहेत. त्या वेळी मी त्यातला एकच ऐकला.

ती पुढे म्हणत होती, "पलंगावर होता, तं उचलला अन्..."

पलंगावर हा शब्द तिच्या तोंडून निघाला. बायको शेजारी उभी होती. मी घाईनं म्हणालो, "पलंगावर काहून असंन? बॅगेत होता."

त्याच क्षणी काउंटरवरच्या माणसानं टेबलावर हात आपटला. "आयकलं ना साहेब? सोतानं सांगून राह्यली, उचलला म्हून. आता मले नोका बोलू."

बाई थांबली. ती माझ्याकडे पाहत नव्हती, त्याच्याकडे पाहत होती. ती त्याला भिऊन गप्प झाली असं मला वाटलं, म्हणजे मी तसं वाटून घेतलं. कारण ती गप्प झाली ते मला बरंच होतं. तिनं आणखी एकदा पलंग म्हटलं असतं तर बायकोनं माझ्याकडे पाहिलं असतं.

"बोल ना आता," तो म्हणाला. "कुठीसा ठेवला?"

ती एवढंच म्हणाली, "तुमाले माईत आहे."

"पाहा," तो मला म्हणाला, "उलटून बोलते कशी."

ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारानं कागद पुढे केला आणि मी लिहायला बसलो. बाकावर बसून, मांडीवर फाइल ठेवून लिहिलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' इथून सुरुवात केली. कुलूपबंद बॅगेतून सदर ऐवज लंपास झाला, असं लिहिलं. आणि पुढे: 'सदर सफाई कर्मचारी महिलेने उपरोक्त रुमाल उचलल्याचे सर्वांसमक्ष कबूल केले आहे.' 'म्या उचलला' याचं मी 'उचलल्याचे कबूल केले' असं केलं. एक शब्द जोडला. पंचवीस वर्षं मी हेच करत आलो आहे. लोक बोलतात ते कागदावर बसेल असं करून देतो.

हवालदारानं वाचून मान हलवली. "मस्त लिवता साहेब. आमाले काई काम नाई ठेवलं तुमी."

मला बरं वाटलं. हे लिहायला सगळ्यात जड जातं आहे. बायको बाहेर झाडाखाली मोकळ्या गळ्यानं, पदर घट्ट ओढून बसली होती, आणि आत माझ्या अक्षराचं, भाषेचं कौतुक झालं म्हणून मला बरं वाटलं.

बाईला ठाण्यात बोलावून विचारपूस झाली. तिच्याजवळ काही सापडलं नाही, म्हणून संध्याकाळी घरी जाऊ दिलं. लॉजच्या मालकानं मात्र तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. काउंटरवरच्या माणसानं आम्ही खोली सोडताना ते सांगितलं, आमची भरपाई झाल्यासारखं.

घरी येऊन बायकोनं पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून गळ्यात बांधलं. नवी पोत करू म्हटलं तर म्हणाली, पाहू. चक्कर कमी झाली. दिवाळी झाली. कापूस घरी आला. कोणी विचारलं की ती सांगायची, कुलपातून नेली हो, बॅगेच्या कुलपातून. आणि मी मान हलवायचो. इतक्यांदा हलवली की मलाही ते कुलूप दिसायला लागलं होतं.

संक्रांतीनंतर ठाण्यातून फोन आला. लॉजचा तो काउंटरवाला दुसऱ्या एका पाहुण्याचं घड्याळ विकताना सापडला होता. त्याच्या खोलीतून बऱ्याच वस्तू निघाल्या, ओळखायला या. आम्ही दोघं गेलो. टेबलावर पोत होती, जोडवी होती, खडा होता. रुमाल नव्हता. बायकोनं पोत हातात घेतली आणि डोरलं उलटं करून पाहिलं, पण लगेच घालता येणार नव्हती, कोर्टाचा कागद लागणार होता.

हवालदार तोच होता. बोलता बोलता म्हणाला, "म्हनते कसा थो, मी कुठी चोरली? बाईनं आनून देल्ली काउंटरवर. पलंगावर भेटली म्हने, पाहुन्याची राह्यली, आले की द्या. अन् यानं ठेवून घेतली. बाईनं नंतर बयानात सांगतलं होतं तसं, पन तवा थो नाई म्हने. अन् तुमच्या अर्जात कबूल म्हून होतं."

मी टेबलाकडे बघत राहिलो. बायकोनं पोत टेबलावर परत ठेवली.

परतीच्या एसटीत कळंब गेल्यावर ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "पलंगावर म्हणाला तो."

मी सांगितलं. फाइल, भोंगा, केंद्रातला खिसा, सगळं. तिच्यासाठीच खोटं बोललो, हेही सांगितलं.

"माझ्यासाठी एक डाव बोलले," ती म्हणाली. "मी मशीनमधून निघाल्यावर कोणासाठी बोलले?"

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्या बाईले कोणी सांगतलं का, पोत भेटली म्हणून?"

"माहीत नाही."

"मंग माहीत करा."

पुढच्याच आठवड्यात मी नवा अर्ज घेऊन ठाण्यात गेलो. पहिल्या अर्जात लिहिलेलं चूक होतं, रुमाल बॅगेत नव्हता, बाईनं चोरी कबूल केली नव्हती, असं सगळं लिहिलं होतं. हवालदारानं घेतला, शिक्का मारून प्रत दिली. "पन आता कायले साहेब? तिच्यावर कागदावर काईच नाई." लॉजच्या मालकाकडे गेलो. तो माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. त्यानं चहा मागवला, झाल्या प्रकाराबद्दल वाईट वाटतं म्हणाला, आणि पुढच्या वेळी आलात तर एक दिवस फुकट राहा, एसीची रूम देतो, असं म्हणाला. बाईला परत घेणार का, असं विचारलं. त्याला जरा आठवावं लागलं. "थे होय? तिच्या जागी दुसरी आली ना. अन् आता तिले बलावलं तं बाकीच्या म्हनतीन, काढलं काहून होतं." तिच्या पोडाचा पत्ता त्याच्या रजिस्टरात होता. तेवढा त्यानं लिहून दिला.

फाल्गुनात एका रविवारी मी पांढरकवड्याहून झरीकडच्या एसटीत बसलो. फाट्यावर उतरून सागाच्या रानातून चालत गेलो. पानं झडलेली होती, पायाखाली वाजत होती. पोडावरच्या पहिल्याच अंगणात ती बाई बसलेली होती. समोर मोहाची फुलं वाळत घातली होती आणि ती हातानं खालीवर करत होती.

मी काय म्हणावं ते ठरवत होतो. तीच म्हणाली, "दोनशे चारवाले ना तुमी?"

"हो."

"भेटला का रुमाल?"

"पोत भेटली. त्या काउंटरवाल्याजवळ."

"म्या त्यालेच देल्ला होता," ती म्हणाली आणि फुलं उलटत राहिली. तिला नवल वाटलं नाही, ती रागावल्यासारखीही दिसली नाही. मी खिशातून शिक्क्याची प्रत काढली. चूक माझी होती, सगळं यात लिहिलं आहे, कुठंही दाखवता येईल, असं म्हणालो.

तिनं हात पुढे केला नाही. "हात भरेल आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "कागदानंच झालं हे सारं. मले वाचता येत नाई, इथं कोनी मले कागद मागत नाई. इथं तोंडानं सांगतात. चावडीवर सांगा."

पोडाच्या मधोमध एक छपराची चावडी आहे. कोणाचं काही असलं की ते तिथं, नाईकासमोर, म्हणजे पोडाच्या प्रमुखासमोर, आणि बसलेल्यांसमोर बोलायचं, आणि जे तिथं बोललं जाईल तेच सगळ्या पोडाला माहीत होतं. ही त्यांची रीत. तिनं नाईकाला बोलावलं. म्हातारा, बारीक, अंगात बंडी. आठ-दहा माणसं जमली, चार-पाच बायाही. ती स्वतः मागे खांबाला टेकून उभी राहिली.

मला बोलता येईना. खिशातला कागद वाचून दाखवणं सोपं होतं, पण इथं कागद चालणार नव्हता. मी सुरुवात केली ती 'त्या दिवशी घडलेला प्रकार असा की' अशी, आणि नाईकानं हात वर केला.

"आमाले समजन असं सांगा जी."

मग सांगितलं. रुमाल मी पलंगावर ठेवून गेलो. बायकोला खोटं सांगितलं. या बाईनं तो उचलून काउंटरवर नेऊन दिला. तिनं तेच सांगितलं, मी पुरतं ऐकलं नाही. मी लिहून दिलं की हिनं चोरला. हिनं चोरला नाही.

मी थांबत होतो तिथं तिथं नाईक कोलामीत सांगत होता. माझी चार वाक्यं, त्याचे चार शब्द. एका म्हातारीनं काहीतरी विचारलं आणि दोघी-तिघी हसल्या.

नाईक म्हणाला, "थे म्हनते, एवढा शिकेल मानूस, पलंगावर ठेवला म्हनाले कायची लाज वाटली?"

मी म्हणालो, "बायको रागावली असती."

त्यानं ते सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही.

आता झालं, असं मला वाटलं होतं. मागून ती पुढे आली आणि नाईकाशी कोलामीत बोलली. नाईकानं माझ्याकडे पाहिलं. "हिच्या पोरीची सोयरीक जुळत आलती. नाल्याच्या पलीकडच्या पोडावर. हे यवतमाळहून चोरीचा आळ घेऊन आली तवा थे लोकं आले नाई मंग. तिथं बी सांगा म्हनते."

तिची मुलगी तिथंच बायांमध्ये होती, विशीची. आईसोबत यवतमाळात खोली करून राहायची, कुठंतरी शिवणकाम करायची. ती आमच्याकडे न बघता घराकडे निघून गेली.

मी नाईकाबरोबर निघालो. ऊन चढलं होतं. नाल्यात पाणी नव्हतं, नुसते दगड. अर्धा-पाऊण तास चाललो. पलीकडच्या पोडावर मुलाचा बाप सावलीत बसून बांबू सोलत होता. त्यानं आम्हाला पाणी दिलं, दोन माणसं बोलावली आणि ऐकून घेतलं. मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी अडखळलो नाही, म्हणून मला स्वतःची शरम वाटली.

तो म्हणाला, "बरं केलं आले. बाईवर खोटं आलं होतं." आणि हातातली काडी बाजूला ठेवून, "पन पोराचं झालं जी. माघातच झालं."

घराच्या दारात एक नवी सून धान्य पाखडत बसली होती. आम्ही आल्यापासून ती दिसत होती, पण मी लक्ष दिलं नव्हतं.

परतताना नाईकाला म्हणालो, हे तिला तुम्ही सांगा. तो म्हणाला, "तुमी गेलते. तुमीच सांगा."

ती अजून मोहाजवळच होती. आता फुलं टोपलीत भरत होती. मी उभ्यानंच सांगितलं की त्यांनी ऐकून घेतलं, बरं केलं म्हणाले, पण मुलाचं माघातच लग्न झालं आहे.

"मले माईत आहे," ती म्हणाली.

मला आधी नीट समजलं नाही. "माहीत होतं? मग मला कायले पाठवलं?"

"त्याह्यनं आयकाव म्हून."

तिनं टोपली उचलून छपरात ठेवली, बाहेर आली आणि चरवीभर पाणी माझ्यासमोर धरलं. मी ओंजळीनं प्यालो. दारातून मुलगी बघत होती. बाईनं सांगितलं की फाट्यावरची एसटी चारला येते, कधी कधी येतही नाही, तेव्हा लवकर निघा.